सॉफ्टवेअर घेण्याआधी आठ दिवस वही लिहा

मागच्या अंकात विचारलं होतं की दुकानात, वर्कशॉपमध्ये, घरगुती धंद्यात मोबाईल-कॉम्प्युटर वापरताना तुमचं नक्की कुठे अडतंय ते लिहा, आणि खरंच भरपूर पत्रं आली. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही म्हणून पाच घेतोय. नावं मुद्दाम काढून टाकलीत कारण बऱ्याच जणांनी उलाढालीचे आकडे मोकळेपणाने लिहिलेत.

प्रश्न : आमचं बार्शीत किराणा दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. वर्षाला ७० लाखांच्या आसपास धंदा होतो, जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची सोपी पद्धत) आहे. मुलगा म्हणतो कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर, सॉफ्टवेअर सगळं बसवू. एका एजंटने ६५ हजारांचं कोटेशन दिलंय. घ्यावं का? मला स्वतःला टायपिंग येत नाही.

दादा, ६५ हजार जास्त की कमी हे नंतर बघू. आधी मला हे सांगा की तुमच्या दुकानात पैसा किंवा वेळ गळतोय कुठे, कारण तुमच्या पत्रात ते कुठेच नाही आणि एजंटच्या कोटेशनमध्ये तर ते नसणारच. एक काम करा, आठ दिवस गल्ल्याशेजारी साधी शंभर पानी वही ठेवा आणि काहीही अडलं की एक ओळ लिहा, म्हणजे गर्दी बघून गिऱ्हाईक निघून गेलं, मागितलेला माल संपलेला होता, उधारी लिहायची राहून गेली, तारीख उलटलेला बिस्किटांचा बॉक्स मागच्या फळीवर सापडला, असं काहीही. संध्याकाळच्या गर्दीत लिहायला वेळ नसेल तर नुसती रेघ मारा. आठ दिवसांनी मुलाला घेऊन बसा आणि मोजा, कुठल्या प्रकारच्या ओळी जास्त आहेत ते.

उधारीच्या ओळी जास्त निघाल्या तर तुम्हाला कॉम्प्युटर नकोच आहे. खाताबुक, ओकेक्रेडिट असली मोबाईलवरची उधारीची ॲप मराठीत चालतात आणि तेवढी पुरतात. फक्त एक सांगतो, यातली ॲप प्रत्येक नोंदीला गिऱ्हाईकाला मेसेज पाठवू शकतात. काहींना ते आवडतं, पण वीस वर्षं तुमच्याकडून माल नेणाऱ्या माणसाला अचानक मशीनचा तगाद्याचा मेसेज गेला तर त्याला वाईट वाटतं, आणि गावात ते महाग पडतं. म्हणून आधी तोंडाने सांगा की आता मोबाईलमध्ये लिहितोय, मेसेज आला तर राग मानू नका. आणि ते ॲप दुकानाच्या फोनवर, दुकानाच्या नंबरवर चालू करा, मुलाच्या नाही, कारण मुलगा उद्या नोकरीला पुण्याला गेला की वही पण त्याच्या खिशातून पुण्याला जाते.

माल संपणं आणि तारीख उलटणं याच्या ओळी जास्त असतील तर मात्र कॉम्प्युटरचा विचार करा, पण आधी त्याच्यामागे काम किती आहे ते नीट समजून घ्या. तुमच्या दुकानात दीड-दोन हजार प्रकारचा माल सहज असेल, त्यातल्या प्रत्येकाचं नाव, एमआरपी, खरेदी दर, बारकोड एकदा भरावं लागतं, आणि एकाच साबणाचे जुन्या एमआरपीचे आणि नव्या एमआरपीचे दोन गठ्ठे एकत्र असतात ते वेगळे धरावे लागतात, साखर-डाळ-शेंगदाणे सुटे जातात त्यांना बारकोडच नसतो. त्यानंतर रोज आलेलं प्रत्येक खरेदी बिल त्याच दिवशी चढवायचं. हे पंधरा दिवस राहिलं की स्क्रीनवर दिसणारा स्टॉक खोटा होतो, मग कोणीच त्याच्यावर विश्वास ठेवत नाही आणि महागडा कॉम्प्युटर नुसता बिल छापायचं यंत्र होऊन बसतो. मी असे काउंटर इतके पाहिलेत की आता मी पहिला प्रश्न हाच विचारतो, खरेदीची एन्ट्री रोज कोण करणार? त्या माणसाचं नाव ठरलं नसेल तर पैसे खर्च करू नका, खरंच सांगतो.

नाव ठरलं असेल तर एजंटला दुकानात बोलवा, तेही संध्याकाळी गर्दीच्या वेळी, आणि तुमच्याच पन्नास वस्तू टाकून बिलं करून दाखव म्हणा. लाइट गेली, नेट गेलं तर बिल निघतं का ते तिथेच वायर काढून बघा. सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून दाखवायला सांगा, कारण उद्या सॉफ्टवेअर बदलावंसं वाटलं आणि डेटा बाहेरच निघत नसेल तर तुम्ही कायमचे अडकलात. दुसऱ्या वर्षीचं रिन्यूअल किती ते कोटेशनवर लिहून घ्या. तुम्ही कंपोझिशनमध्ये आहात म्हणजे तुम्हाला गिऱ्हाईकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, तुमचं बिल 'बिल ऑफ सप्लाय' म्हणून निघायला हवं, ते निघतं का बघा. आणि अजून एक प्रश्न जरूर विचारा, २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, तेव्हा तुमच्या गिऱ्हाईकांना अपडेट किती दिवसांत दिलं? तुमच्या बिलावर टॅक्स दिसत नाही म्हणून तुम्हाला थेट फरक पडला नसेल, पण असं काही बदललं की एजंट फोन उचलतो का हे त्या उत्तरावरून कळतं. त्याने वर्षापूर्वी ज्या दुकानात बसवलंय तिथे एकदा स्वतः जाऊन या, एजंटला सोबत न घेता.

टायपिंगची काळजी सोडा. बारकोडला टायपिंग लागत नाही, सुट्या मालाला मोठी बटणं करून घेता येतात. प्रिंटर दोन इंची थर्मल पुरे होतो.

प्रश्न : नाशिकला वडापाव आणि चहाची गाडी आहे. गेल्या महिन्यात दोनदा पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवून पोरं निघून गेली, पैसे आलेच नाहीत. आणि एका ओळखीच्या गाडीवाल्याचं बँक खातंच बंद पडलं म्हणतात. मग क्यूआर काढून टाकू का?

काढू नका, धंदा कमी होईल. स्क्रीनशॉटवर मात्र कधीच विश्वास ठेवायचा नाही, एसएमएसवर पण नाही, दोन्ही खोटे बनवता येतात. तुमच्या स्वतःच्या ॲपमधल्या हिस्ट्रीत रक्कम दिसली तरच पैसे आले. गर्दीत मोबाईल बघणं जमत नाही म्हणून साउंडबॉक्स असतो, पैसे आले की रक्कम बोलून सांगणारा, पण त्याचं महिन्याचं भाडं किती, ते खात्यातून आपोआप कापलं जातं का, नको झाला तर परत कसा करायचा, हे घेतानाच विचारा. साउंडबॉक्समध्ये पण सिमच असतं, रेंज गेली की तो गप्प राहतो, तेव्हा ॲप बघायचं आणि गिऱ्हाईकाला शांतपणे थांबा म्हणायचं. रोज सकाळी गाडी लावली की स्वतःच्या फोनने आपला क्यूआर स्कॅन करून नाव आपलंच येतंय ना बघा, वर दुसराच स्टिकर चिकटवून जाण्याचे प्रकार झालेत. बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआय पैशांवर दुकानदाराला जानेवारी २०२० पासून चार्ज नाही, त्यामुळे कोणी 'क्यूआर चालू ठेवायची फी' मागत असेल तर देऊ नका. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन मागितला की समजायचं पैसे जाणार आहेत.

आता खातं बंद पडण्याचं. हे खरं आहे आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात. कुठेतरी कुणाची फसवणूक होते, चोर ते पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरवतो, त्यातलेच पन्नास रुपये तो तुमच्याकडे वडापाव खाऊन देतो, आणि पोलीस पैशाचा माग काढताना ज्या ज्या खात्यात ते पैसे गेले तिथे होल्ड लावायला सांगतात. तुमची चूक काहीच नसते पण अडकता तुम्ही. त्यामुळे धंद्याचं खातं वेगळं ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यातले पैसे घरखर्चाच्या खात्यात काढत जा, म्हणजे होल्ड लागला तरी घरातला गॅस आणि पोरांची फी थांबणार नाही. आणि अनोळखी माणूस 'दोन हजार स्कॅन करतो, कॅश द्या' म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. मदत म्हणून लोक देतात, पण चोरीचा पैसा रोख करून घ्यायची ती सोपी पद्धत आहे. होल्ड लागलाच तर बँकेकडून तक्रार नंबर आणि कुठल्या पोलीस ठाण्याची तक्रार आहे ते लेखी घ्या, त्या दिवसाच्या विक्रीची नोंद जोडून अर्ज करा. तुमचीच फसवणूक झाली तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, तासाभरात केलेल्या फोनला पैसे पुढे जायच्या आत अडकण्याची शक्यता जास्त असते.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला माझी मेस आहे, ४० डबे जातात. मैत्रीण म्हणते ॲप बनवून घे, एक मुलगा ३० हजारात करून देतो म्हणतोय.

ताई, नको. ४० डब्यांना भिंतीवरचं कॅलेंडर आणि व्हॉट्सॲप पुरतं. 'उद्या डबा नको' हा मेसेज रात्री नऊपर्यंतच चालेल असा नियम करा, तो व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय म्हणून सेव्ह करून ठेवा, आणि खाडे एक्सेलच्या किंवा गुगल शीटच्या एका पानावर लिहा, आडव्या तारखा, उभी नावं. महिन्याचा हिशोब दहा मिनिटांत होतो. ते ३० हजार मोठ्या कुकरमध्ये किंवा डीप फ्रीजमध्ये घाला. एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची सरकारी नोंदणी केली नसेल तर ती मात्र आधी करा, छोट्या धंद्याला वर्षाला १०० रुपये फी आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे. दोन वर्षं झाली दलालाकडे न देता पुण्या-मुंबईला थेट पेट्या पाठवतोय, सगळं व्हॉट्सॲपवर. यंदा सीझनच्या तोंडावर नंबरच बॅन झाला. वेबसाइट काढली तर हा त्रास जाईल का?

सीझनच्या तोंडावर नंबर जाणं म्हणजे काय हे मी समजू शकतो, वर्षभराची कमाई त्या दोन महिन्यांत असते. पण वेबसाइट हे त्याच्यावरचं औषध नाही. बॅन बहुतेक यामुळे झाला असणार की तुम्ही कुठूनतरी मिळालेल्या नंबरांवर एकदम मेसेज टाकले आणि त्यातल्या लोकांनी रिपोर्ट केलं. ॲपमधूनच रिव्ह्यूसाठी विनंती करता येते, ती करा. पुढच्या वेळी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणजे जे आपले आहेत त्यांनाच जातो. पेटीसोबत एक छोटी चिठ्ठी टाका, 'पुढच्या वर्षी पहिल्या तोडीचा मेसेज हवा असेल तर हा नंबर सेव्ह करा', याच्याइतकी चांगली जाहिरात मला तरी माहीत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबल लावायची सोय आहे, 'पैसे आले', 'पेटी निघाली', 'पोचली', 'साका निघाला, बदलून द्यायची' अशी चार लेबलं करा, म्हणजे घरातलं कोणीही फोन हातात घेतला तरी त्याला कळतं कुठली ऑर्डर कुठे आहे. कॅटलॉगमध्ये पाच डझनांची पेटी आणि दोन डझनांचा बॉक्स वेगवेगळे टाका आणि आंब्याचं वजन ग्रॅममध्ये लिहा, 'मोठा, मध्यम' याच्यावरूनच सगळी भांडणं होतात.

तुमचा धंदा सीझनचा आहे म्हणून एक धोका तुम्हालाच जास्त आहे. जून संपला की धंद्याचा फोन कपाटात जातो, रिचार्ज राहून जातो. सिमचा साधारण ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि नंतर तोच नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. व्हॉट्सॲप खातंही १२० दिवस वापरलं नाही की पुसलं जातं. म्हणजे गणपती-दिवाळी होऊन मार्चमध्ये फोन बाहेर काढता तेव्हा दोन वर्षांत जमवलेली सगळी गिऱ्हाईकं गेलेली असतात. दर महिन्याला एक तारीख ठरवा, त्या दिवशी फोन चालू करायचा, एक कॉल करायचा, चॅटचा बॅकअप झालाय का बघायचं. गिऱ्हाईकांची यादी, नाव-नंबर-पत्ता-किती पेट्या, ही वहीत किंवा शीटमध्ये वेगळी उतरवून ठेवा, नुसती व्हॉट्सॲपच्या भरवशावर ठेवू नका. आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आजच लावा.

वेबसाइट काढायचीच असेल तर पुढच्या वर्षी काढा, एक पानाची पुरे. त्याआधी गुगल बिझनेस प्रोफाइल करा, ते फुकट आहे, आणि 'गुगलमधून बोलतोय, लिस्टिंग वर आणतो, पैसे भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा पत्ता, मात्र तुमच्या ईमेलवर, तुमच्या नावाने, तुमच्या कार्डाने घ्यायचं. हे मी पोळलेल्या हाताने सांगतोय. आमच्या घरच्या छोट्या धंद्याची साइट एका ओळखीच्या मुलाने केली, डोमेन त्याने स्वतःच्या खात्यात घेतलं, तीन वर्षांनी त्याने ते काम सोडलं, फोन लागेना, डोमेनची मुदत संपली आणि दुसऱ्या कुणीतरी ते उचललं. छापलेल्या हजारभर पिशव्यांवर तोच पत्ता होता. त्या मुलाने लबाडी केली असं मी म्हणणार नाही, पण कागदावर ते आमचं नव्हतंच. रत्नागिरी, देवगड वगैरे कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं सरकारी मानांकन मिळालंय, तुमची त्यात नोंदणी झालेली असेल तर तो नंबर कॅटलॉगमध्ये आणि पेटीवर जरूर टाका, बाहेरचा आंबा हापूस म्हणून विकला जातो तिथे गिऱ्हाईक तेच शोधत असतं.

प्रश्न : भोसरीत भाड्याच्या गाळ्यात मशीनिंगचं जॉबवर्क करतो, सहा कामगार, उलाढाल १ कोटी ८० लाख. कोटेशन आणि बिलं मी एक्सेलमध्ये करतो, अकाउंटंट आठवड्यातून दोनदा येऊन टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो, टॅलीची कॉपी ओरिजिनल नाही. शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटरच्या सगळ्या फाइल्स लॉक झाल्या आणि स्क्रीनवर पैसे मागितले. एक जण सगळं क्लाउड ईआरपीवर न्या म्हणतोय.

ईआरपी, म्हणजे सगळं कामकाज एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, तुम्हाला आत्ता नको. सहा कामगारांच्या गाळ्यात कुठला जॉब कुठल्या मशीनवर आहे हे तुम्हाला उठून बघता येतं, त्यासाठी महिन्याला पैसे भरायची गरज नाही. कोटेशनचं एक्सेल पण टाकून देऊ नका, त्यात तुमचे मशीन-अवरचे दर, मटेरियलचे अंदाज, तुमचा सगळा अनुभव आहे. बिलं मात्र एक्सेलमध्ये करून परत टॅलीत भरायची हे दुहेरी काम आहे, चुका तिथेच होतात, बिल थेट टॅलीतूनच काढा. टॅलीच का, तर ते सगळ्यात भारी आहे म्हणून नाही, तुमच्या आसपासच्या कुठल्याही सीएला आणि अकाउंटंटला ते येतं म्हणून. उद्या हा अकाउंटंट सोडून गेला तर आठ दिवसांत दुसरा मिळेल. ओरिजिनल घ्या पण. क्रॅक कॉपी चालवायला जी फाइल टाकतात, व्हायरस आत यायची वाट बऱ्याचदा तीच असते, आणि नियम बदलले की अपडेट येत नाही ते वेगळंच. ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर लागतं, त्यामुळे कोणी त्याची भीती घालून काही विकत असेल तर घेऊ नका. कंपन्यांना देता त्या बिलांवर चार आकडी एचएसएन किंवा सॅक कोड (माल किंवा सेवा कुठली ते सांगणारा जीएसटीचा नंबर) मात्र हवा.

जीएसटी पोर्टलवर कुणाचा मोबाईल नंबर आणि कुणाचा ईमेल आहे ते आज रात्रीच बघा. बऱ्याच गाळ्यांत तिथे अकाउंटंटचा असतो, ओटीपी त्याला जातो, आणि त्याच्याशी बिनसलं की मालकाला स्वतःच्याच पोर्टलमध्ये जाता येत नाही. बँकेचं, आयकराचं, उद्यमचं (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) तसंच. उद्यम नोंदणी केली नसेल तर करा, सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे. तुम्ही सूक्ष्म उद्योगात बसाल, १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा मशीनमधली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी अशी आहे. उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापून घ्या, टॅलीत एकदा सेट केलं की येतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात, आणि ती मुदत उलटली तर त्या कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी आयकरात धरता येतो. मार्च जवळ आला की तुमच्या बिलावरचा तो नंबर त्यांच्या अकाउंट्सवाल्याला बरोबर दिसतो.

फाइल्स लॉक होण्याचं. बॅकअप पेनड्राइव्हवर घेत असाल आणि तो पेनड्राइव्ह कायम कॉम्प्युटरला लावलेला असेल तर तो पण लॉक होतो, शेजाऱ्यांकडे बहुतेक तेच झालं असणार. दोन छोट्या हार्डडिस्क घ्या, एक सोमवारची, एक गुरुवारची, बॅकअप झाला की काढायची आणि घरी न्यायची, गाळ्यात ठेवायची नाही कारण आग आणि पाणी पण आहेच. तिसरी कॉपी क्लाउडवर, ज्याचा पासवर्ड त्या कॉम्प्युटरमध्ये सेव्ह केलेला नाही. ड्रॉइंग आणि प्रोग्रामच्या फाइल्स पण त्यात घ्या, लोक टॅलीचा बॅकअप घेतात आणि सीएनसीचे प्रोग्राम विसरतात, ते परत लिहायला महिने जातात. अकाउंटंट घरून काम करायला एनीडेस्कसारखं, दुरून कॉम्प्युटर चालवायचं काही वापरत असेल तर काम झालं की बंद करायला सांगा, रात्रभर चालू ठेवायचं नाही.

आणि तीन महिन्यांतून एका रविवारी ती हार्डडिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, टॅली उघडा, मागच्या आठवड्यातलं एक बिल शोधून प्रिंट काढा. डिस्कवर फोल्डर दिसतंय म्हणून समाधान मानणारे खूप भेटतात, उघडून बघणारे फार थोडे. तुमचं बिल निघालं नाही तर मला परत लिहा, कुठला एरर आला त्याचा फोटो काढून सोबत पाठवा.